फवारणीच्या ड्रोनवर वाद घालण्याची रीत

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत फवारणीचा ड्रोन आता पुरेसा जुना झाला आहे. म्हणजे त्याच्यावर मत असायला तो पाहिलेला असण्याची गरज उरलेली नाही. तेव्हा ‘हे चार दिवसांचं खूळ की टिकणारी गोष्ट’ हा वाद रीतसर कसा घालावा, याचं मार्गदर्शन व्हायलाच हवं. आधी जागा ठरवावी. पार, चहाची टपरी, सलूनचा बाक या जागा ठीक आहेत. पण खरी जागा म्हणजे गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर लागलेली ट्रॅक्टरची रांग. पाटस घ्या, आलेगाव घ्या, पाटेठाण घ्या. तिथे वेळ मुबलक असतो, ऊस समोर असतो आणि नंबर जाईल म्हणून कोणालाही मध्येच उठता येत नाही. सोसायटीच्या ऑफिसात हा वाद काढू नये. तिथे कोणी तरी सचिवाला आकडा विचारतो आणि बेरंग होतो. प्रत्यक्ष शेतात, ड्रोन उडत असताना, तर मुळीच काढू नये. पात्यांच्या घरघराटात आपलं म्हणणं ऐकू जात नाही, शिवाय एकर सात ते दहा मिनिटांत उरकतो, म्हणजे आपला पहिला मुद्दा पुरा व्हायच्या आत गडी बॅटरी काढून पुढच्या वावराकडे निघालेला असतो.

मग बाजू घ्यावी. ती घेताना ड्रोनचा विचार करू नये. भावकीत कोणी घेतला असेल तर ‘खूळ’, आणि आपल्याच पुतण्याने घेतला असेल तर ‘काळाची गरज’, इतकं सोपं आहे. काहीच नातं नसेल तर ‘खूळ’ बाजू घ्यावी, कारण ती राखायला खर्च नाही. वस्तू बंद पडली तर आपण सांगितलंच होतं. चालली तर आपण काय म्हणालो होतो हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. ‘टिकणार’ म्हणणाऱ्याला मात्र दर हंगामाला हिशेब द्यावा लागतो.

यानंतर दाखले. ‘टिकणार’वाल्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून सुरुवात करावी. १९०३ च्या सुमारास तो विकायला आला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते; आणि त्याच नांगरामागून १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हा दाखला ऐकून समोरचा दोन मिनिटं गप्प बसतो. तेवढ्यात त्याला इमू आठवतो. साधारण २०१० च्या आसपास इमूपालनाची लाट आली होती. तेलाला भाव, कातड्याला भाव, अंड्याला भाव, पिसालाही भाव; दोनेक वर्षांत पक्षी तेवढे उरले आणि भाव देणारे नाहीसे झाले. शहरात राहून आलेला कोणी असेल तर तो पेजर काढतो : १९९५ ला आला आणि मोबाईलने पुढच्या दहा वर्षांच्या आत त्याला गिळला. फारच विद्वत्ता दाखवायची असेल तर इनामगाव काढावं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या वस्तीत बांध आणि पाट सापडला. पाट खणताना त्यालाही कोणी खूळ म्हटलं असणार. पुढे इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ती वस्ती उठली, आणि आज त्याच तालुक्यात चासकमानचा कालवा वाहतो आहे. तंत्र टिकलं, गिऱ्हाईक उठून गेलं. हा दाखला दोन्ही बाजूंना वापरता येतो, म्हणून जपून ठेवावा.

इथपर्यंत वाद नेहमीच्या रस्त्याने जातो आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण नांगराचा दाखला देणाऱ्याला नांगरच आठवतो आणि इमूवाल्याला इमूच. दोघांना एकाच वेळी समोर बसवलं तर मात्र उपयोगाची गोष्ट दिसते. इमूवाल्याचा पैसा कुठून येत होता? पुढच्या इमूवाल्याला पिल्लं विकून. इमू खाणारं गिऱ्हाईक कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. नांगरवाल्याचा पैसा तासातून येत होता. खोल नांगरट झाली, पीक बरं आलं, म्हणून शेजाऱ्याने नांगर मागितला. कोणत्याही नव्या यंत्राबद्दल हेच विचारावं : याचा पैसा शिवारातून येतो, की हेच यंत्र दुसऱ्याच्या गळ्यात घालून? ड्रोनच्या बाबतीत पैसा तीन वाटांनी येतो. एक, ड्रोन विकणाऱ्याचा. दोन, पायलटचं प्रशिक्षण देणाऱ्याचा. तीन, एकरी भाड्याचा. पहिल्या दोन वाटा इमूच्या वंशातल्या आहेत. ज्या गावात ड्रोनवर मेळावे होतात, फ्लेक्स लागतात आणि फवारणी फक्त पाहुण्यांसमोर पाण्याची होते, तिथे ‘खूळ’वाल्याने बिनधास्त पैज मारावी. जिथे एकरी भाडं देणारा माणूस दुसऱ्या हंगामालाही आपण होऊन फोन करतो, तिथे मारू नये.

आता अनुदानाचा आक्षेप. वादात हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत यावाच लागतो, नाही आला तर चहा सांगणारा स्वतः काढतो. आक्षेप असा की, सरकार पैसे देतंय म्हणून ड्रोन उडतोय, उद्या अनुदान थांबलं की कडबाकुट्टीशेजारी जाऊन बसेल. आक्षेपात दम आहे. २०२२ च्या जानेवारीपासून कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत कृषी विज्ञान केंद्रांना ड्रोनसाठी दहा लाखांपर्यंत शंभर टक्के, शेतकरी उत्पादक कंपन्यांना पंच्याहत्तर टक्के, कृषी पदवीधराला अवजार बँकेसाठी निम्मी म्हणजे पाच लाखांपर्यंतची मदत ठेवली गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात नमो ड्रोन दीदी योजनेला मंजुरी मिळाली : १,२६१ कोटींची तरतूद, १५,००० महिला बचत गटांचं उद्दिष्ट, किमतीच्या ऐंशी टक्के किंवा आठ लाखांपर्यंत मदत. एवढा पैसा ओतल्यावर फुकणीसुद्धा आकाशात गेली असती, असं ‘खूळ’वाला म्हणेल. त्याला म्हणू द्यावं आणि मग ठिबक दाखवावं. ठिबकला या राज्यात काही दशकं अनुदान आहे. तरी केडगाव-राहू पट्ट्यात जाऊन ‘ठिबक हे खूळ आहे’ म्हणून बघा. तो गप्प होण्याआधी आपणच गोबरगॅस काढावा, कारण प्रामाणिक वादात शत्रूचं हत्यार आपण आधी टेबलावर ठेवलेलं बरं. १९८१-८२ पासून बायोगॅसची राष्ट्रीय योजना चालली, अनुदान होतंच, आणि आज गोठ्यामागे घुमट आहे पण त्यात पाचट पडलं आहे, असं चित्र थोडं नाही. दोन्हीला अनुदान होतं. एक टिकलं, एक नाही. म्हणजे अनुदानावरून काहीच सिद्ध होत नाही. गोबरगॅसचं काम करायला सिलिंडर आला आणि गोठ्यातली जनावरं कमी झाली. ठिबकचं काम करायला दुसरं काही आलं नाही. उलटा दाखलाही हाताशी आहे : मोटारीचा मोबाईल स्टार्टर. त्याच्यासाठी मेळावा झाला नाही, कोणी मंत्री फीत कापायला आला नाही. शेतीला रात्रीची लाईट, बांधावर विंचूकाटा, उसात बिबट्या. घरात पडल्या पडल्या मिस कॉल देऊन मोटार सुरू करणारा डबा लोकांनी खिशातले पैसे घालून बसवला. सुरुवातीला त्यालाही ‘आळशाचे चोचले’ म्हणून झालंच होतं.

तेव्हा वादाची खरी गाठ अशी सोडवावी : ड्रोन सोडून ते काम दुसरं कोणी करू शकतं का? इथे वादपटूने उसाच्या फडात शिरायला हवं, निदान मनाने तरी. मोठी बांधणी झाली, ऊस डोक्याच्या वर गेला, पात्यांच्या कमानी एकमेकींत अडकल्या. आता पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन सरीत शिरणाऱ्या माणसाचे हातच वर होत नाहीत. पात्याची धार कानाला आणि मानेला लागते, घामात कूस झोंबते, आणि नळी वर धरून मारलेलं औषध वरून खाली त्याच्याच तोंडावर येतं. एचटीपी पंपाची शंभर मीटर नळी ओढत न्यायची म्हटली तर ती प्रत्येक बुडख्याला अडते, आणि नळी सोडवायला दुसरा माणूस लागतो. उंच पिकात डोक्यावर औषध मारण्याचा अर्थ काय होतो, हे २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं. कापूस माणसाहून उंच वाढला होता. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. या ठिकाणी थट्टा थांबवावी. शिरूर-दौंडकडे तर फडात आणखी एक रहिवासी असतो आणि तो माणसाच्या अंगावर येतो. म्हणून इथे नेहमीची रीत अशी पडली होती की ऊस छातीच्या वर गेला की फवारणी बंद, तांबेरा येवो की लोकरी मावा येवो, देवावर हवाला. ड्रोनने कोणाचं काम हिसकावलेलं नाही. जे काम होतच नव्हतं ते तो करतो. पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरून जाताना त्याच्या पात्यांचा वारा खाली दाबला जातो, पानं उलटीपालटी होतात आणि औषध काही अंशी पानाच्या पाठीलाही लागतं. मावा तिथेच बसलेला असतो.

पण हीच कसोटी लावून ‘टिकणार’वाल्याचेही कान उपटावेत, नाही तर तो ड्रोनला कांद्यातही घालेल. कांद्याचं पीक गुडघ्याच्या खाली. चार्जिंगचा पंप घेतलेला माणूस तिथे सुखाने फिरतो. डाळिंबाच्या झाडात फळं आणि कीड आतल्या बाजूला; वरून पडलेलं औषध छत्रीवर पडलेल्या पावसासारखं बाहेरच ओघळतं. हुमणी तर जमिनीत असते, तिला वर काय उडतंय याचं सोयरसुतक नाही. खोडकिडीवर वरून तुषार मारून फार काही हाती लागत नाही. म्हणजे ड्रोन उसात टिकेल आणि कांद्यात खूळ ठरेल, एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना. ‘ड्रोन टिकणार का’ या प्रश्नाला उत्तर नाही ते यामुळे. पीक आणि पिकाची उंची सांगितल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही. (वजनकाट्याच्या रांगेत हे म्हणाल तर लोक ‘पळवाट काढतोय’ म्हणतील. तयारी ठेवावी.)

सगळ्यांत गोड आक्षेप पाण्याचा आहे. “एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतंय, आन् ह्ये दहा लिटरमधी काय भिजतंय व्हय?” याला हसू नये, कारण प्रश्न खरा आहे आणि विचारणारा पन्नास वर्षं फवारणी करून बसलेला असतो. उत्तर असं की औषधाची एकरी मात्रा ठरलेलीच राहते, पाणी कमी होतं आणि थेंब बारीक होतात. पान भिजून गळलं पाहिजे हा आपला समज पंपाने लावलेला; गळालेलं औषध जमिनीला मिळतं, किडीला नाही. मात्र या उत्तराच्या शेपटाला दुसरा आक्षेप लटकलेला आहे आणि तो जास्त जड आहे. बारीक आणि दाट थेंब वाऱ्यावर जातो. राज्यातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होती, म्हणजे आपलं तणनाशक, शेजाऱ्याची वांगी आणि पलीकडच्या मधमाश्या यांच्यात अंतर ते काय? बांधावरून आधीच तीन पिढ्यांची कोर्टकचेरी चालू असते. त्यात आकाशातला बांध कोणी मोजायचा? सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने कीटकनाशक मारण्याची कार्यपद्धती काढली आहे, तिच्यात वारा, उंची, अंतर सगळं आहे. पण वारा सुटला म्हणून ठरलेली फवारणी उद्यावर ढकलणारा पायलट आणि ते ऐकून घेणारा शेतकरी, हे दोन्ही नग मिळाले तरच त्या कागदाला अर्थ. यंत्र बंद पडण्यापेक्षा या भांडणांनी ते बदनाम होण्याचा धोका मला मोठा वाटतो.

बदनामीचा विषय निघालाच आहे तर २०२४ च्या जून-जुलैची आठवण वादात कोणी तरी करणारच. शिरूर, दौंड, आंबेगाव, जुन्नर या भागांत रात्री आकाशात दिवे फिरू लागले, चोर ड्रोनने घरं हेरतात अशी बोलवा झाली, पोरं काठ्या घेऊन गस्तीला बसली आणि असाच विषय पुढे विधिमंडळात गेला. ‘खूळ’वाल्यांना हा मोठा आधार वाटतो. वास्तविक त्यातून उलटच निघतं. वर्षभराने, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पिंपरखेडच्या बाजूला बिबट्याने माणसं मारली तेव्हा फडात दडलेलं जनावर शोधायला वनखात्याने थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन आणले, आणि ते उडावेत असंच लोकांना वाटत होतं. ज्या वस्तूची एका पावसाळ्यात भीती वाटते आणि पुढच्या दिवाळीत वाट पाहिली जाते, ती वस्तू गावात मुरते आहे. खुळाची कोणाला भीती वाटत नाही.

यानंतर दुरुस्ती. वादात हा मुद्दा कोणी काढत नाही, कारण त्यात बोलायला मजा नाही. निकाल मात्र बराचसा इथेच लागतो. मोटार जळाली तर शिरूर, केडगाव, यवत, कुठेही रिवाइंडिंगवाला आहे. सकाळी दिली, संध्याकाळी विहिरीत सोडली. मोबाईल स्टार्टर बिघडला तर वायरमन जुना काढून नवा लावतो. ड्रोनचं पातं लाईटच्या तारेला लागून तुटलं, नोझल तुंबलं, पंपाचं सील गेलं, तर ही किरकोळ कामं. पण मोटारीचा किंवा उड्डाण सांभाळणाऱ्या कार्डाचा बिघाड झाला की यंत्र खोक्यात घालून कंपनीकडे पाठवावं लागतं, आणि कीड तोवर थांबत नाही. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते, म्हणून चार-पाच जोड, चार्जर आणि जनरेटर असा सगळा संसार पिकअपमध्ये बरोबर फिरतो. त्या बॅटऱ्या काही शे वेळा चार्ज झाल्या की थकतात आणि नव्या स्वस्त नाहीत. एकरी भाड्यातून ही बॅटरी वसूल होते का, हा हिशेब ज्याने मांडला तो पायलट टिकेल. ज्याने फक्त हप्त्याचा मांडला त्याचा ड्रोन दिवाळीनंतर विकायला निघेल. या तालुक्यांना दुरुस्तीची परंपरा नाही असं मात्र नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो शाळा सुटलेल्या पोरांच्या हातात वेल्डिंग, वायरिंग, शेती द्यायला. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली. असं ठिकाण ज्या तालुक्यात आहे तिथे ड्रोन खोलून बसवणारा गडी तयार होणं अशक्य मानायचं कारण नाही. तो गडी शिरूरच्या बाजारपेठेत पत्र्याचं दुकान टाकून बसला, दारावर ‘सर्व प्रकारचे ड्रोन’ अशी पाटी लागली, की ‘खूळ’वाल्याने हरल्याचं मान्य करायला हरकत नाही. विक्रीचं दुकान कोणत्याही खुळाला मिळतं. दुरुस्तीचं मिळत नाही.

कायद्याचा आक्षेप एका वाक्यात उडवावा. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी फवारणीचं यंत्र चालवायला वय अठरा ते पासष्ट, दहावी पास आणि पायलटचं प्रमाणपत्र अशा अटी घातल्या आहेत. वाद घालणाऱ्याला यातली एकही लागू नाही. याच जोडीला ध्यानात ठेवावं की बचत गटातून प्रशिक्षण घेऊन आलेली एखादी बाई रिमोट हातात घेऊन बांधावर उभी असेल, तर तिच्यासमोर ‘बायकांना जमेल का’ हा पोटप्रश्न काढू नये. तोवर तिचे पाच एकर झालेले असतात.

या मार्गाने वाद चालवला तर साधारण दुसऱ्या चहापर्यंत त्याचं रूप पालटतं. कोणी तरी, बहुतेक ‘खूळ’वाल्यांपैकीच, आवाज खाली आणून विचारतो : “एकराला काय घेतोय त्यो?” तो प्रश्न आला की खूळ-बीळ विषय बाजूला ठेवावा आणि भावावर यावं, आणि भाव ठरवताना पुढच्या गोष्टी रांगेतच मिटवून घ्याव्यात. औषध कोणाचं, हे स्पष्ट असावं. पायलटने आणलेल्या औषधाचं बिल मागावं. पाणी गाळून शेतकऱ्याने द्यायचं, कारण विहिरीच्या पाण्यातलं शेवाळ नोझलमध्ये अडकलं की अर्धा तास जातो. वावरावरून लाईटची तार किंवा कडेला निलगिरी असेल तर आधी सांगायचं, नंतर नाही. एक एकरासाठी कोणी पिकअप घेऊन येत नाही, तेव्हा शेजारच्या चौघांचे मिळून सात-आठ एकर करून बोलवायचं आणि भाडं तिथे कमी करून घ्यायचं. तणनाशक असेल तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं. त्याची वांगी जळाली तर भरपाई कोणी द्यायची, हे मात्र ड्रोन जमिनीवर असतानाच, दोन साक्षीदारांसमोर ठरवावं. वजनकाट्याच्या रांगेत साक्षीदारांना तोटा नाही.